पहिलेपणाचा पुरस्कार आणि दुसऱ्या चित्रपटाचा प्रश्न

पिंपरीच्या संत तुकारामनगरात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. आमच्या पट्ट्यातल्या माणसाला या पत्त्यात काही नवल वाटत नाही. नाटकाची जाहिरात वाचताना तो डोळ्यांखालून जातो, इतकेच. परंतु भारतीय चित्रपटाला मिळालेल्या सन्मानांची हकीकत सांगायची झाली तर या पत्त्यातली दोन्ही नावे अगदी आरंभीच घ्यावी लागतात. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली पुण्यात तयार झाला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पुढे १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिलेच सुवर्णपदक अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले, आणि लगेच पुढच्या खेपेस त्यांच्याच ‘महात्मा फुले’ला मराठी चित्रपटाचे रौप्यपदक मिळाले. या ‘महात्मा फुले’चा मुहूर्त १९५४ च्या आरंभी बाबासाहेबांच्या हस्ते झाला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस, २५ डिसेंबरला, बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली.

आमचे घर देहूरोडला. माझे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून इकडे आले आणि भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर हेल्पर म्हणून राहिले. लोकलने कासारवाडीला उतरायचे आणि पुढे चालत जायचे, असे त्यांचे आयुष्य गेले. २५ डिसेंबरची तारीख त्यांना तोंडपाठ होती. चित्रपटाच्या मुहूर्ताची गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नव्हती, मलाही एम. ए. झाल्यानंतर कळली. आपल्या वस्तीत बाबासाहेबांच्या आयुष्यातली प्रत्येक तारीख जपली जाते. मग ही कशी निसटली? चित्रपट ही आपली गोष्ट नव्हे, ती पाहायची गोष्ट आहे, करायची नाही, असे आपण कुठेतरी मान्य करून टाकले होते काय?

हा प्रश्न आताच मांडण्याचे कारण माझा एक जुना विद्यार्थी आहे. बीड जिल्ह्यातला, ऊसतोड कामगारांचा मुलगा. बी. ए. झाला आणि चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागला. मोबाइलवर छोट्या फिती करतो. मागच्या दिवाळीनंतर तो माझ्याकडे आला. चाळीस हजार रुपये त्याने बाजूला टाकले होते, आणि ते बहिणीच्या लग्नासाठी ठेवावेत की आपल्या फिल्मवर घालावेत, एवढेच त्याला विचारायचे होते. राष्ट्रीय पुरस्कारांत पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला वेगळा पुरस्कार असतो हे त्याने कुठेतरी वाचले होते. म्हणाला, “सर, पहिल्या पिच्चरला बक्षीस हाय. दुसऱ्याला कोण देतंय?”

मी त्या वेळी त्याला धड उत्तर देऊ शकलो नाही. मराठीचा मास्तर मी. चित्रपटातले मला जे कळते ते प्रेक्षक म्हणून. पुढे नियम वाचले, ओळखीच्यांना विचारले. त्यातून जे समजले ते इथे मांडतो आहे, कारण असे प्रश्न घेऊन येणारा तो एकटा नाही.

प्रथम ‘स्वतंत्र चित्रपट’ या शब्दाविषयी. मोठ्या निर्मितिसंस्थेच्या पैशावाचून उभा राहिलेला, आणि कथा कोणती, नट कोण, कुठे काय कापायचे हे दिग्दर्शकानेच ठरवलेला चित्रपट, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ. अमेरिकेत अशा चित्रपटांसाठी ‘इंडिपेंडंट स्पिरिट’ नावाचे पुरस्कार १९८० नंतरच्या दशकापासून दिले जातात. त्यांत जॉन कॅसाव्हेटिस या दिग्दर्शकाच्या नावाचा एक पुरस्कार आहे, आणि त्याला खर्चाची मर्यादा आहे. ती अनेक वर्षे ५ लाख डॉलर होती, अलीकडे १० लाख केली आहे. आपल्या हिशेबाने ही रक्कम काही थोडी नव्हे. पण तत्त्व महत्त्वाचे आहे: कमी पैशात काम करणाऱ्याची तुलना कमी पैशात काम करणाऱ्याशीच व्हावी, हे तिथे नियमात लिहिले आहे.

आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत अशी अट नाही. शंभर कोटींचा चित्रपट आणि वीस लाखांचा चित्रपट एकाच रांगेत उभे राहतात. ज्या वर्षाचे पुरस्कार, त्या वर्षी जानेवारी ते डिसेंबर यांदरम्यान सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट प्रवेशिकेला पात्र ठरतो. पूर्ण लांबीच्या चित्रपटांची छाननी आधी विभागीय समित्या करतात, देशाचे असे पाच विभाग पाडले आहेत, आणि त्यांनी पुढे पाठवलेले चित्रपट मध्यवर्ती समिती पाहते. लघुपट आणि माहितीपट यांची समिती वेगळी. या साऱ्यांत स्वतंत्र दिग्दर्शकाच्या जवळचा म्हणावा असा एकच पुरस्कार आहे, तो पदार्पणाचा. १९८० च्या चित्रपटांपासून तो इंदिरा गांधींच्या नावाने दिला जात असे. २०२४ साली नाव काढून टाकले आणि आता तो नुसता ‘दिग्दर्शकाचा सर्वोत्कृष्ट पदार्पण चित्रपट’ आहे. त्याच वेळी एक बदल झाला, त्याची चर्चा नावाच्या वादात बुडाली. पूर्वी पुरस्काराची रक्कम निर्माता आणि दिग्दर्शक यांच्यात वाटली जाई. आता सुवर्णकमळ आणि ३ लाख रुपये दिग्दर्शकाला मिळतात. ज्याच्यामागे निर्माता नाही, अशा माणसाच्या दृष्टीने नावापेक्षा हा बदल मोठा आहे.

तरीही पदार्पण म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. एखाद्या नामवंत निर्मात्याच्या मुलाचा पहिला चित्रपट हाही पदार्पणच असतो. २०२३ च्या चित्रपटांसाठी हा पुरस्कार आशिष बेंडे यांच्या ‘आत्मपॅम्फ्लेट’ला मिळाला, सप्टेंबर २०२५ मध्ये तो दिल्लीत दिला गेला. शाळकरी प्रेमाच्या आडून जातीविषयी बोलणारा हा चित्रपट मला आवडला. पण त्याच्यामागे झी स्टुडिओज आणि टी-सिरीज अशा भक्कम संस्था होत्या. हा काही त्या दिग्दर्शकाचा दोष नाही. नियमाला दिग्दर्शकाचे पहिलेपण तेवढे दिसते, त्याच्या खिशात काय आहे ते दिसत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

असे असूनही या एका पुरस्काराने आपल्या दृष्टीने काय घडवले ते पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या चित्रपटांसाठी तो नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ला मिळाला आणि २०१५ च्या चित्रपटांसाठी नीरज घायवान यांच्या ‘मसान’ला. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. घायवान हैदराबादेत वाढले, पुण्यात शिकले, आणि आपण दलित आहोत हे उघडपणे सांगतात. ‘फँड्री’त कैकाडी कुटुंबातला जब्या आहे, ‘मसान’मध्ये बनारसच्या घाटावर प्रेते जाळणाऱ्या डोम समाजातला मुलगा. तीन वर्षांत दोनदा, आमच्यातला माणूस कॅमेऱ्याच्या मागे उभा आहे याची नोंद सरकारी कागदावर झाली. कॅमेऱ्याच्या पुढे आम्ही नव्हतो असे नाही. १९३६ च्या ‘अछूत कन्या’पासून १९५९ च्या ‘सुजाता’पर्यंत आणि त्यानंतरही आमच्यावर चित्रपट निघाले. त्यांत आमच्याविषयी कणव होती, डोळ्यांत पाणी होते. पण आमच्याकडे कुठून पाहायचे, किती वेळ पाहायचे आणि कुठे नजर वळवायची, हे दुसरेच कोणी ठरवत होते. दिग्दर्शकाला मिळणारा पुरस्कार म्हणजे हे ठरवण्याच्या अधिकाराला मिळालेली मान्यता.

‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, शुक्रवारी, प्रदर्शित झाला. इथे आमच्या पट्ट्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. चित्रपटाचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला पाहून मल्टिप्लेक्सवाले सोमवारपासून खेळ कमी करू लागतात. आणि भोसरी, पिंपरी, चिंचवड इथल्या कितीतरी कारखान्यांची आठवडी सुट्टी असते गुरुवारी! म्हणजे ज्या दिवशी कामगार मोकळा असतो तो चित्रपटाचा शेवटचा दिवस. लहान चित्रपट बहुधा तोवर उतरलेला असतो, किंवा सकाळी अकराचा एखादा खेळ उरलेला असतो, आणि रात्रपाळी करून आलेला माणूस अकरा वाजता झोपलेला असतो. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी ६ ते ९ ही वेळ सक्तीची करायचे ठरवले. गदारोळ झाल्यावर ती दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल केली. या वादात पुष्कळ मोठी माणसे बोलली. गुरुवारविषयी कोणी बोलल्याचे मला आठवत नाही.

‘फँड्री’ला झीसारखी वितरणाची बाजू मिळाली होती म्हणून तो आमच्या गुरुवारपर्यंत टिकला. मी तेव्हा नुकताच तासिका तत्त्वावर शिकवू लागलो होतो. वर्गातल्या अकरा मुलामुलींना घेऊन चिंचवडला गेलो. डुकरामागे धावणाऱ्या जब्याच्या कुटुंबाला पाहून गाव हसते, तेव्हा आमच्या मागच्या रांगेतलेही काही जण हसू लागले. माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. तिने मागे वळून पाहिले नाही, फक्त खुर्चीच्या हाताला घट्ट धरले. पुढे ते मेलेले डुक्कर उचलून नेत असताना शाळेच्या भिंतीवरची फुले-आंबेडकरांची चित्रे दिसतात, तेव्हा मागचे हसणे थांबले होते. शेवटचा दगड सरळ प्रेक्षकाच्या दिशेने येतो. बाहेर आल्यावर आम्ही बराच वेळ कोणी कोणाशी बोललो नाही. रिक्षासाठी पैसे गोळा करताना ती मुलगी म्हणाली, “सर, आज मला पहिल्यांदा वाटलं, पिच्चर काढणारा आपल्या बाजूला बसलाय.” ३ मे २०१४ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते पुरस्कार दिले गेले. जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेलाही बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. वर्गात मी ती बातमी वाचून दाखवली. ती मुलगी त्या दिवशी गैरहजर होती.

साहित्याच्या बाबतीत हा टप्पा आपण फार आधी ओलांडला होता. कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८१ साली मिळाला. कैकाडी मुलाची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटाला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळायला त्यानंतर तेहतीस वर्षे जावी लागली. याचे कारण प्रतिभेत शोधू नये, ते साधनांत आहे. आत्मकथन लिहायला वही लागते, आणि रात्रीचा कंदील. कविता तर सिगारेटच्या पाकिटावरही होते. चित्रपटाला मात्र कॅमेरा, प्रकाश, आवाज, माणसांचे जेवण, गाड्यांचे भाडे, संकलन आणि शेवटी प्रमाणपत्राची फी, असे सारे लागते. भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’ हा धनगर कुटुंबावरचा चित्रपट करण्यासाठी स्वतःची शेतजमीन विकली. २०१४ च्या चित्रपटांत ‘ख्वाडा’ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, जागेवर आवाज टिपण्याच्या कामालाही मिळाला, प्रदर्शन व्हायला २०१५ चा ऑक्टोबर उजाडला. त्याच वर्षीचे सर्वोच्च सुवर्णकमळ चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला होते. त्या चित्रपटातले शाहीर नारायण कांबळे झाले होते नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार, ‘विद्रोही’चे संपादक. २०२१ साली करोनाने ते गेले. ज्याच्याकडे विकायला जमीन आहे तो निदान ती विकू शकतो. आमच्या बहुतेकांच्या वाट्याला जमीन आलेलीच नाही, हे मी वाचकांना सांगायला नको.

मंजुळे यांच्या बाबतीत मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते ‘फँड्री’च्या आधीचे पाऊल. नगरच्या महाविद्यालयात संज्ञापनशास्त्राचे शिक्षण घेताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, आणि ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो लघुपट-माहितीपट विभागात दिग्दर्शकाचा सर्वोत्कृष्ट पहिला चित्रपट ठरला. म्हणजे पदार्पणाचा सन्मान त्यांना दोनदा मिळाला, एकदा लघुपटाचा आणि एकदा पूर्ण चित्रपटाचा. लघुपट पाहून निर्माता दारात आला असे मी म्हणणार नाही. ते इतके सरळ नसते. पण एक गोष्ट नक्की. आमच्यातला मुलगा निर्मात्याच्या कचेरीत जातो तेव्हा त्याच्याकडे ओळख नसते. बाप कोण, काका कोण, कोणाच्या हाताखाली काम केले, या प्रश्नांना त्याच्याकडे उत्तर नसते. पुरस्कार हे त्या वेळी ओळखपत्राचे काम करतो. पदवीनेही आमच्या घरी हेच काम केले. माझे पदवी प्रमाणपत्र वडिलांनी काचेत बसवून घेतले, आणि पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी ते दाखवत. त्या प्रमाणपत्रावर मला कायमची नोकरी मिळाली नाही. नऊ वर्षे मी तासाच्या हिशेबाने शिकवले. पण त्याच्यावाचून महाविद्यालयाच्या दाराशीही कोणी उभे केले नसते.

काही मित्रांना हे पटत नाही. त्यांचे म्हणणे असे की ज्या व्यवस्थेवर दगड फेकायचा तिच्याच हातून कमळ घ्यायचे, यात विद्रोहाची धार जाते. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. २०१५ साली आनंद पटवर्धन, दिबाकर बॅनर्जी आदी दिग्दर्शकांनी आपले राष्ट्रीय पुरस्कार परत केले; पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्यांचा लांबलेला संपही त्याच वर्षीचा. १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर चौदा वर्षे चिकाटीने ‘जय भीम कॉम्रेड’ करणाऱ्या पटवर्धनांचा तो निर्णय मी आदराने पाहतो. परंतु परत करायला आधी हातात काही असावे लागते. पहिल्या पिढीच्या माणसाने मिळालेले नाकारावे, असा उपदेश त्याला फार लवकर केला जातो, आणि बहुधा तो करणाऱ्याच्या घरी ते तीन पिढ्यांपासून असते. शिवाय ‘सैराट’ पाहा. पदार्पणाचे सुवर्णकमळ घेतलेल्या दिग्दर्शकाने दोन वर्षांनी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, आंतरजातीय विवाह आणि त्याची हत्या हा विषय शंभर कोटींच्या गल्ल्यापर्यंत नेला. त्या चित्रपटासाठी चिंचवडला काय, चाकणला काय, गुरुवारची वाट पाहावी लागली नाही.

परंतु ‘सैराट’ हा अपवाद आहे, आणि अपवादावर कोणाला सल्ला देता येत नाही. घायवान यांचा पुढचा पूर्ण लांबीचा चित्रपट ‘होमबाउंड’ कानच्या महोत्सवात पोहोचला तो २०२५ साली, म्हणजे ‘मसान’नंतर दहा वर्षांनी. ज्याला कानमध्ये आणि दिल्लीत दोन्हीकडे गौरवले गेले त्याची ही कथा. मग माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न पुन्हा समोर येतो. पहिलेपणाचा पुरस्कार आयुष्यात एकदाच मिळू शकतो. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी तो दिग्दर्शक नवा राहिलेला नसतो आणि मोठाही झालेला नसतो. तिथे त्याच्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत वेगळे काही नाही. राज्य सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देते, त्याचा आधार पुष्कळांना झाला आहे. पण ते चित्रपट पूर्ण झाल्यावर मिळते. पूर्ण करायला लागणारे पैसे आधी कुठून तरी आणावेच लागतात. पुण्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात मराठी चित्रपटाला संत तुकारामांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. कर्जाची खते इंद्रायणीत बुडवणाऱ्या देहूच्या वाण्याचे नाव आणि कर्ज काढून चित्रपट करणारे दिग्दर्शक, ही जोडी पाहून कधी कधी हसू येते.

म्हणून मी त्या मुलाला जे सांगितले ते असे. बहिणीच्या लग्नाचे पैसे लग्नालाच ठेव. लघुपट कर, पण मोबाइलवर कर, वीस मिनिटांच्या आत कर, आणि आवाजावर खर्च कर. चित्र थोडे खराब असले तर प्रेक्षक सहन करतो, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातो. प्रमाणपत्र कोणत्या वर्षात घेतोस ते जपून ठरव, कारण प्रवेशिका त्या वर्षाच्याच पुरस्कारांत जाईल; डिसेंबरअखेर घाई करून घेऊ नकोस. अर्ज आता ऑनलाइन होतो, एजंटाला पैसे देऊ नकोस. पहिली फिल्म करतानाच दुसरीची संहिता लिहून ठेव, कारण पहिली कोणी पाहिलीच तर तो पुढचा प्रश्न तोच विचारील. यातले किती बरोबर ते मला ठाऊक नाही. बहिणीच्या लग्नाचे जे सांगितले त्याबद्दल मात्र अजून मनात खळखळ आहे. ज्याने जमीन विकली त्याला कोणी मास्तर भेटला नव्हता, नाहीतर ‘ख्वाडा’ झालाच नसता, असेही एकदा वाटून गेले.

मुलाने ऐकून घेतले. लग्न झाले, मी गेलो होतो. आता तो आईबापांच्या तोडीवर फिल्म करतो आहे. कारखान्यातले त्याचे सात महिने फेब्रुवारीअखेर भरतात, मग ब्रेक मिळेल आणि नवे कंत्राट होईपर्यंत पंधरा दिवस मोकळे. साखर कारखान्याचा हंगाम तोवर चालू राहिला तर फडातच चित्रीकरण होईल. आधी पट्टा पडला तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागेल. परवा त्याचा निरोप आला. हंगामाचे त्याने काही लिहिले नव्हते. कॉलर माइक भाड्याने कुठे मिळेल आणि दिवसाचे किती घेतात, एवढेच विचारले होते.